पाहुण्याची नोंद

दात घासताना फोन वाजला, तिनं डाव्या हातानं मेसेज उघडला आणि तोंडातला सगळा फेस आरशावर उडाला. ‘अभिनंदन! आपलं मूल आज बारा वर्षांचं झालं. आमच्या बालरुग्णालयातली त्याची नोंद आजपासून बंद होत आहे. घेतलेल्या लसी : एकही नाही. पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा.’ आरशातल्या पांढऱ्या ठिपक्यांमागे चाळिशी ओलांडलेली एक बाई खदाखदा हसत होती आणि हसता हसता मधेच थांबली होती. तिला मूल नव्हतं. म्हणजे होतं, पण ते फक्त बालरुग्णालयाच्या डेटाबेसमधे होतं, आणि त्या डेटाबेसची देखभाल तिच्याच हातात असल्यामुळे त्याला तिथून कुणी हलवलं नव्हतं. दरवर्षी या दिवशी त्याचा मेसेज यायचा आणि ती नवरा-बायको पोट धरून हसायची. पण ‘नोंद बंद’ हे कधी आलं नव्हतं. बारा वर्षांनी ते येणार हे तिला माहीत असायला हवं होतं. तो नियम तिच्यासमोरच ठरला होता. तरी अंधाऱ्या जिन्यात शेवटची पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि तिथे जमीनच असावी, तसं तिला झालं.

‘‘काय झालं गं?’’ स्वयंपाकघरातून नवऱ्यानं विचारलं.

‘‘पाहुणा बारा वर्षांचा झाला.’’

‘‘घ्या! आता मिसरूड फुटणार, उलट उत्तरं देणार. तरी सांगत होतो, डोक्यावर चढवून ठेवू नकोस.’’

‘‘एकही लस घेतली नाही म्हणे त्यानं.’’

‘‘आईवर गेलाय. तू तरी कधी सरळ डॉक्टरकडे गेलीयस?’’ तो चहाचे कप घेऊन दारात आला, आरशाकडे बघितलं आणि बाहीनं आरसा पुसला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, ‘‘आज संध्याकाळपर्यंत ताईंना कळवायचंय.’’

‘‘माहीत आहे मला.’’

‘‘मी नुसती आठवण करून दिली.’’

आठवण करून देणं हा त्याचा जुना धंदाच. बारा वर्षांपूर्वी तो त्याच रुग्णालयात प्रोग्रॅमर होता, आणि लसीची तारीख जवळ आली की आईबापांच्या फोनवर आठवणीचा मेसेज पाठवायचा प्रोग्रॅम त्यानंच लिहिला होता. डेटाबेस नवाकोरा, ती नोकरीत नवी, आणि तिच्या शिस्तीनं आख्खा विभाग टेकीला आलेला. प्रोग्रॅम तपासायला एक खोटं बाळ हवं होतं. त्यानं नावाच्या रकान्यात ‘पाहुणा’ असं लिहिलं, कारण दोन दिवसांत त्याला काढूनच टाकायचं होतं. जन्मतारीख म्हणून त्या दिवसाची तारीख टाकली, वजन सणसणीत टाकलं, वडिलांच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि सेव्हचं बटण दाबलं. सिस्टम तांबडी झाली. आईचं नाव रिकामं चालणार नाही, असं पडद्यावर आलं. तो खुर्चीसकट तिच्याकडे वळला आणि अगदी गरीब चेहरा करून म्हणाला, ‘‘हा नियम तुम्हीच केलाय ना, मॅडम? मग आता आई कुठून आणू?’’ आजूबाजूची माणसं कीबोर्डवर माना घालून हसायला लागली. तिचे कान तापले. तो ताप तिला आजही आठवतो, उजवा कान जास्त तापला होता, कारण तो उजवीकडे बसला होता. तिनं त्याचा कीबोर्ड ओढून घेतला आणि आईच्या रकान्यात स्वतःचं नाव धाडधाड टाइप केलं, खाली स्वतःचा फोन नंबर घातला. सेव्ह झालं. लग्न त्यानंतर वर्षभरानं झालं, म्हणजे मूल आधी आणि लग्न मागून. दोघांच्याही घरच्यांना हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

पाहुण्याला दोन दिवसांत काढायचं राहून गेलं. चाचणीचं कच्चं सामान खऱ्या डेटाबेसमधे ठेवणं हे तिच्या धंद्यातलं पाप, दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिनं त्याची सालटी काढली असती. पण सहा आठवड्यांनी तिच्या फोनवर ‘आपल्या बाळाच्या लसीची वेळ झाली’ असा मेसेज आला, आणि तिनं स्वतःला समजावलं की हे बरंच आहे, याचा मेसेज वेळेवर आला की कळतं, बाकी सगळ्या पोरांचेही जातायत. कारण खोटं नव्हतं. नंतरच्या वर्षांमधे मूल होईना म्हणून डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, पुन्हा वेगळे डॉक्टर झाले, आणि एका दुपारी दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता दोघांनी एकदमच ‘पुरे’ म्हटलं आणि समोरच्या दुकानात जाऊन पोटभर आइस्क्रीम खाल्लं. रडली ती घरी येऊन, आणि तेही आइस्क्रीम फार खाल्लं म्हणून पोटात दुखत होतं तेव्हा. मग नवऱ्यानं प्रोग्रॅमरकी सोडली आणि सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. म्हणाला, कंप्युटरला विचारलं काय दुखतंय तर तो सांगत नाही, सायकल निदान कुरकुरते. तिनं डेटाबेस सोडला नाही. पुढे दोघांनी दत्तक देणाऱ्या एका संस्थेत नाव नोंदवलं. तिथल्या ताई घर बघून गेल्या, गच्चीचा कठडा हलवून बघितला, खूश झाल्या. ती नोंद ठरावीक मुदतीची असायची. मुदत संपत आली की ती अगदी वेळेवर जाऊन वाढवून आणायची, आणि एखाद्या मुलाबद्दल ताईंचा फोन आला की काहीतरी निघायचं. घराला रंग द्यायचाय. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. ऑफिसात आणीबाणी आहे. मुदतवाढ तेवढी ती न चुकता घ्यायची.

आणि परवा ताईंचा पुन्हा फोन आला होता. पाच वर्षांची मुलगी आहे, म्हणाल्या, तोंडाचा पट्टा थांबत नाही, दूध बघितलं की पळते, पुढचा दात हलतोय आणि त्याला कुणाला हात लावू देत नाही. ‘‘यंदा मी मुदत वाढवून देणार नाही हं,’’ असं हसत म्हणाल्या, पण हसण्याआड त्या खरंच बोलत होत्या. ‘‘हो असेल तर हो म्हणा, नाही असेल तर तिच्यासाठी दुसरं घर बघते. पोरीला ताटकळत ठेवायचं नाही मला.’’

रुग्णालयाकडे चालत जाताना तिच्या डोक्यात तो दात हलत होता. पाच वर्षं, ती मनाशी म्हणाली, म्हणजे पाच वर्षांचा बॅकअपच नाही. पोरीला पहिला ताप कधी आला, तिच्या डोक्यावरून हात कुणी फिरवला, कशाला ती घाबरते, यातलं काहीच कुठे जपून ठेवलेलं नाही. जे जपून ठेवलेलं नाही ते परत आणता येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तिचा जन्म त्यातच चालला होता. आणि नवीन माणूस घरात आलं की जुनं, नीट चाललेलं, काहीतरी बिघडतं. काय बिघडेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून तर भीती. रस्त्याच्या कडेला एक बाई आपल्या पोराच्या बुटाची नाडी बांधत होती आणि पोरगं तिच्या डोक्यावर कोपर टेकून निवांत उभं होतं, जणू ती आई नसून कठडा होती. ती बघत राहिली. बाईनं वर बघितलं तेव्हा तिला उगाच चोरी पकडल्यासारखं वाटलं आणि ती भरभर चालायला लागली.

सर्व्हरच्या खोलीत शिरलं की तिला नेहमी बरं वाटायचं. गार हवा, एकसुरी घरघर, हिरवे दिवे. इथलं सगळं तिला पाठ होतं. हा डेटाबेस ज्यांनी बनवला त्यांनी तीन वर्षांपूर्वीच कळवलं होतं की आता ही आवृत्ती म्हातारी झाली, आमचा हिच्याशी संबंध संपला, नवी घ्या. नवी नको असेल तर दरवर्षी वेगळे पैसे भरा, मग आम्ही फक्त सुरक्षेपुरते अपडेट पाठवत राहू. चोर शिरेल असं भोक सापडलं तर बुजवू, बाकी काही मागू नका. रुग्णालयानं पैसे भरले होते, कारण तिनं भरा म्हणून सांगितलं होतं. कधी महिन्यानं, कधी चार महिन्यांनी अपडेटचं पुडकं यायचं. ती आधी बॅकअप घ्यायची, तो दुसऱ्या मशीनवर उघडून खरंच उघडतोय का बघायची, मग एका रविवारी सकाळी अपडेट बसवायची आणि सगळे दिवे पुन्हा हिरवे झाले की एकटीच खुर्चीत गिरकी घ्यायची. तिच्यासारखं चोख काम त्या गावात कुणी करत नसेल. आता तीन वर्षं संपत होती. बनवणाऱ्यांनी शेवटची म्हणून आणखी एका वर्षाची मुदतवाढ देऊ केली होती, आणि ती घ्यायची की हिंमत करून नव्या आवृत्तीवर जायचं हे आज ठरायचं होतं. तिचा अहवाल कधीच तयार होता. शेवटचं वाक्य होतं : आणखी एक वर्ष घ्यावं.

मीटिंगला नवे साहेब होते, हिशेबनीस होते, आणि कोपऱ्यात लसीकरणाच्या सिस्टर बसल्या होत्या. सिस्टर म्हणजे तिची ऑफिसातली सख्खी वैरीण आणि डब्यातली जोडीदारीण. आवाज असा की खालच्या मजल्यावरची पोरं सुई बघायच्या आधीच रडायची.

‘‘माझं एवढंच म्हणणं आहे, साहेब,’’ सिस्टरांनी सुरुवात केली, ‘‘की दोन नव्या लसी आल्या त्याला वर्ष होत आलं. त्या यांच्या सिस्टममधे बसत नाहीत. नवा प्रोग्रॅम आलाय, पण तो म्हणे जुन्या डेटाबेसवर चालत नाही. मी कागदावर लिहितेय आणि संध्याकाळी आईबापांना फोन लावत बसतेय. घसा बसलाय माझा.’’

‘‘तुमचा घसा बसलाय?’’ साहेब म्हणाले. ‘‘बसल्यावर हा?’’

सगळे हसले, सिस्टरही हसल्या. ‘‘हसा. पण यांना विचारा, कधी होणार ते.’’

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. ‘‘मॅडम, तुमचं काय? तुम्ही म्हणाल तसं करू. यातलं आम्हाला कुणाला कळत नाही.’’

ती उभी राहिली. पाठ केलेलं सगळं ओळीनं बाहेर यायला लागलं. मुदतवाढ घेतली तर वर्षभर काळजी नाही. कुणी आत शिरू शकणार नाही. जे आहे ते आहे तसं सुरक्षित राहील. चुका असतील तर त्या राहतील, पण त्या आपल्याला माहीत असलेल्या चुका आहेत. नवीन मात्र काही येणार नाही, ती म्हणाली, आणि स्वतःचा आवाज तिला बाहेरून ऐकू आला, शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू यावा तसा. नवीन काही येणार नाही. हे ती किती समाधानानं म्हणाली होती! तिला एकदम सकाळचा मेसेज आठवला. बारा वर्षांचा झालेला, एकदाही ताप न आलेला, एकदाही रात्री न उठवणारा, गुडघा न फोडणारा तिचा गुणी बाळ. त्याला कधी काही होणार नव्हतं, म्हणून तर तिनं त्याला इतकं सांभाळून ठेवलं होतं. आणि तिच्या त्या सुरक्षित खोलीच्या बाहेर कागदावर लिहिलेली पोरं होती, ज्यांच्या आयांच्या फोनवर मेसेज जातच नव्हता. पाहुण्याचा वेळेवर आला म्हणजे सगळ्यांचे गेले, असं ती बारा वर्षं म्हणत आली होती. वर्षभर ते खरं नव्हतं. तिला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग, कुठून कोण जाणे, हसू यायला लागलं. पोटातून यायला लागलं. तिनं टेबलाची कड धरली.

‘‘मॅडम? बरं वाटतंय ना?’’

‘‘फार बरं वाटतंय, साहेब,’’ ती म्हणाली. ‘‘मुदतवाढ नको. नव्यावर जाऊ या. जुनी मुदत संपायच्या आत मी करून देते.’’

हिशेबनिसांनी चष्मा काढला. साहेब म्हणाले, ‘‘पण तुमच्या अहवालात तर...’’

‘‘अहवाल फाडा.’’

‘‘काही बिघडलं तर?’’

‘‘बिघडेल की! काहीतरी नक्की बिघडेल. मग नीट करू. मी कुठे पळून चाललेय?’’

सिस्टर उठून आल्या आणि त्यांनी तिच्या पाठीवर अशी थाप मारली की तिच्या हातातलं पेन हिशेबनिसांच्या मांडीवर जाऊन पडलं. मीटिंग संपली तेव्हा दुपार झाली होती. संध्याकाळपर्यंत थांबायची गरज नव्हती. कॉरिडॉरमधे, जिथे भिंतीवर हत्ती काढलेत आणि एका हत्तीचा डोळा पोरांनी खरवडून काढलाय, तिथे उभं राहून तिनं ताईंना फोन लावला. ‘‘हो,’’ ती म्हणाली. पलीकडून ताई म्हणाल्या, ‘‘कोण बोलतंय?’’ तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण नाव सांगितलंच नाही. तिनं नाव सांगितलं, पुन्हा हो म्हटलं, मग फोन ठेवायच्या आधी घाईघाईनं तिसऱ्यांदा म्हटलं. शेजारच्या बाकावर हाताला प्लॅस्टर घातलेली एक मुलगी तिच्याकडे टक लावून बघत होती. तिनं त्या मुलीला डोळा मारला. मुलीनं दोन्ही डोळे घट्ट मिटून परत मारला.

अर्धी रजा टाकून ती थेट सायकलच्या दुकानात गेली. नवरा जमिनीवर बसून कुणाच्या तरी चेनला तेल देत होता. त्यानं वर बघितलं, तिचा चेहरा बघितला, आणि तेलाची बाटली खाली ठेवायची विसरला. तेल त्याच्या चपलेवर गळत राहिलं. ‘‘सांगितलंस?’’ त्यानं विचारलं. तिनं मान डोलावली. मग तिची नजर भिंतीकडे गेली. तिथे खुंटीवर कित्येक दिवसांपासून एक छोटी पिवळी सायकल टांगलेली होती. कुणी गिऱ्हाईक दुरुस्तीला टाकून गेलं आणि परत आलंच नाही, असं तो सांगायचा, आणि तीही गिऱ्हाइकाला नावं ठेवायची. आज तिला दिसलं की सायकलीचं सीट नवं आहे, मुठी नव्या आहेत, घंटी तर कागदातून अजून बाहेरही काढलेली नाही. एवढी नवीन सायकल दुरुस्तीला कशी येईल?

‘‘हिचं गिऱ्हाईक कोण?’’ तिनं विचारलं.

तो चपलेवरचं तेल पुसायला लागला. ‘‘मी म्हटलं, तयार असावी आपली. घाई काही नव्हती.’’

‘‘किती वर्षं टांगून ठेवलीयस रे?’’

‘‘चाकं दोनदा बदलली. आधी फारच छोटी होती.’’

ती त्याच्या शेजारी जमिनीवर, चेनच्या तेलातच, मटकन बसली आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडली, आणि इतका आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता. एक गिऱ्हाईक आलं, बघितलं आणि ‘सावकाश येतो’ म्हणून परत गेलं.

नव्या आवृत्तीवर जाताना काहीतरी बिघडलंच. एका रविवारी दुपारपर्यंत सगळ्या पोरांची वजनं ग्रॅमऐवजी किलोत दिसत होती आणि एक तान्हं बाळ तीन हजार किलोचं झालं होतं. सिस्टरांनी त्याचा फोटो काढून ठेवला. तिनं संध्याकाळच्या आत सगळं ताळ्यावर आणलं. हलवायच्या आधी साफसफाई करायची असते, तीही झाली होती. चाचणीच्या सगळ्या खोट्या नोंदी शोधून तिनं एकेक काढल्या, आणि पाहुण्यापाशी आल्यावर बोट बटणावर ठेवून ती बराच वेळ बसली. मग उठून पाणी प्यायली. परत आली तेव्हा तिला भूक लागली होती, आणि मग ते राहून गेलं.

मुलगी घरी आल्याला तीन आठवडे झाले होते. त्या दोघांनाही ती ‘अहो’ म्हणायची. ‘अहो, हा दिवा कुणाचा?’ ‘अहो, तुम्ही घोरता.’ रात्री झोपायच्या आधी आपली पिशवी उशाशी भरून ठेवायची, फ्रॉक, कंगवा, एक फुटका चेंडू, सगळं. रोज सकाळी ती पिशवी ती दोघं रिकामी करायची नाहीत, नुसती बघायची आणि एकमेकांकडे बघायची. त्या दिवशी लसीकरणाच्या खोलीत मुलगी टेबलावर पाय हलवत बसली होती. सिस्टर नव्या सिस्टमवर तिची माहिती भरत होत्या. वडिलांचं नाव, आईचं नाव, फोन नंबर. त्यांनी सेव्हचं बटण दाबलं आणि त्या थांबल्या.

‘‘हे काय मॅडम? म्हणतंय, या आईवडिलांच्या नावावर आधीच एक मूल आहे. भावंडं म्हणून जोडायचं का?’’

नवऱ्याला ठसका लागला. तिचा उजवा कान तापला.

‘‘कोण आहे?’’ मुलीनं पुढे वाकून विचारलं. ‘‘माझा दादा आहे?’’

‘‘दिसतोय तर खरा,’’ सिस्टर पडद्यावर डोळे बारीक करून म्हणाल्या. ‘‘पाहुणा म्हणे. बारा वर्षांचा घोडा, आणि एकसुद्धा लस घेतलेली नाही! बोला मॅडम, काय प्रकार आहे?’’

मुलीनं सुईकडे बघितलं, मग आपल्या दंडाकडे. तिनं बाही पटकन खाली ओढली. ‘‘मग आधी त्याला टोचा.’’

सिस्टर अशा हसल्या की बाहेर रांगेतली दोन पोरं रडायला लागली. मुलगी हसली नाही. ती सिस्टरांकडे नाही, तिच्याकडे बघत होती, उत्तराची वाट बघत होती. ‘‘अहो, कुठेय तो?’’

ती खाली बसली, मुलीच्या चेहऱ्यासमोर चेहरा आणून. ‘‘तो पळून गेला,’’ ती म्हणाली. ‘‘सुईला घाबरून. कधी घरी आलाच नाही.’’

मुलीनं यावर बराच विचार केला. हलणारा दात जिभेनं पुढे-मागे केला. मग तिनं बाही स्वतःच वर केली, पार खांद्यापर्यंत, आणि दंड पुढे धरला.

‘‘मी नाही पळणार,’’ ती म्हणाली.

सुई टोचल्यावर मुलगी अशी किंचाळली की हत्तीच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं असेल, आणि किंचाळताना तिनं दोन्ही हातांनी तिच्या गळ्याला मिठी मारून तिचे केस गच्च धरले. केस चांगलेच दुखले. बारा वर्षांत तिच्या त्या गुणी बाळानं तिला कधी इतकं दुखवलं नव्हतं, आणि ती केस सोडवून घ्यायला मुळीच तयार नव्हती.

‘‘आता या प्रश्नाचं काय करू?’’ सिस्टरांनी पडद्याकडे बोट दाखवून विचारलं. ‘‘जोडू का भाऊ?’’

‘‘हो दाबा,’’ ती मुलीच्या खांद्याआडून म्हणाली.

त्या रात्री पिशवी भरायची राहून गेली.